नाव न विचारलेली गाणी

आखाजी जवळ आली की माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता ते पाठ झालं आहे. वैशाखाचं ऊन अंगणात उभं राहिलं, कुंभाराकडून नव्या घागरी आल्या, निंबाच्या फांदीला झोके बांधायला पोरींनी दोर शोधायला घेतले, की माझी बायको शेजारणीला हळूच सांगते, "आते चार दिन त्यासले काही बोलू नका." मला ऐकू येतं. गाणाऱ्याचा गळा आधी जातो, कान शेवटी जातात, आणि हीच खरी पंचाईत आहे. निंबाखाली पोरी गायला लागल्या की त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकावा लागतो.

खानदेशाबाहेरचे लोक आखाजीला अक्षय तृतीया म्हणतात आणि सराफाच्या दुकानात जातात. आमच्याकडे हा सण सासरी गेलेल्या लेकींचा आणि मेलेल्या माणसांचा. लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. पुरुष दिवसाढवळ्या पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही बोलत नाही. आणि घरचा कर्ता मुलगा पितरांची घागर भरतो, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो, मांड्याचा आणि आमरसाचा घास टाकतो, आणि एकेकाचं नाव घेऊन बोलावतो. नाव घ्यावंच लागतं. मोघम बोलावल्यावर कोणी येत नाही. मेलेली माणसंसुद्धा मानी असतात.

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत मास्तरांशी पटलं नाही. हा लेख मी माझ्या हाताने लिहिला आहे. संपादकांनी ऱ्हस्वदीर्घ हवं ते करावं, वाक्यं हलवू नयेत. आमची गाणी एकदा दुसऱ्याच्या हाती दिली, तेवढं पुरे झालं.

ती आखाजी कॅसेटची. दहा-बारा वर्षं झाली असतील. तेव्हा ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर तो गावचा पाटील, अशी तऱ्हा होती. आदल्या पावसाळ्यात माझे गुरू उखर्डू आबा गेले. सोनगीरच्या किल्ल्याखाली त्यांचं घर. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू. यमाला वाटावं, ही टाकलेली वस्तू आहे. यमाला तसं वाटलं खरं. आबा खूप जगले. डफ मांडीवर घेऊन बसले की समोरच्या माणसाच्या हातातली बिडी विझून जायची आणि त्याला कळायचं नाही. पोवाडे, कथा, लेकीबाळींची गाणी, बठ्ठं, म्हणजे सगळं, त्यांचं स्वतःचं, स्वतः जोडलेलं. लिहिता येत नव्हतं, डोक्यात होतं. त्यातलं अर्धं माझ्या डोक्यात आलं.

आबांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांचा पुतण्या नाही, भाऊबंद नाही, जातही वेगळी. त्यांच्या नावाची घागर भरायचा हक्क मला नव्हता, आणि ज्या लांबच्या भावबंदाला होता तो सुरतेला कापडगिरणीत. म्हणून मी ठरवलं की आबांची गाणी आखाजीच्या आत कॅसेटवर आणायची. माहेरी आलेल्या लेकी ती ऐकतील, सासरी घेऊन जातील. एका घागरीवर नाव घेणारं कोणी नाही ना, मग शंभर घरांत मशीन नाव घेईल. हा माझा हिशोब होता आणि त्यात चूक काय होती ते मला आजही कोणी दाखवून दिलेलं नाही.

कंपन्यांच्या दारात मी गेलो नाही. कोणाची तरी चिठ्ठी आणा, मग बघू, असलं आपल्याला जमत नाही. स्वतःच काढायची. पैसा कुठून आला हा या लेखाचा विषय नाही.

आता नावाची रीत सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं. इतर शाहीर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं किंवा गुरूचं नाव घालतात आणि म्हणून टाकतात. आबांच्या फडात तसं नव्हतं. गाणं संपलं की डफावर थाप द्यायची आणि हात उचलून गप्प बसायचं. तुणतुणं बंद. मग बसलेल्या लोकांतून कोणी तरी, बहुतेक करून एखादा जाणता माणूस, विचारायचा, "कोनं शे हाई गानं?" हे गाणं कोणाचं, असं विचारलं की मगच नावाचं कडवं:

किल्ल्याखाली सोनगीर गाव, उखर्डू तिथला डफवाला,
पुसलं म्हणून सांगतो नाव, नाही तर होता चालला.

विचारायचं ते ऐकणाऱ्याने. फडातल्या माणसाने विचारायचं नाही; ते म्हणजे आपल्याच घरात आपणच आपल्याला आहेर करणं. आबा म्हणायचे, "आपलं नाव आपन सांगं तं ती फुशारकी. लोकसनी इचारं तं ती पावती." एकदा पिंपळनेरकडे एका गावात लोक चहाच्या गडबडीत उठले आणि कोणी विचारलंच नाही. आबांनी डफ फडक्यात बांधला आणि निघाले. यजमान मागे पळत आला, "शाहीर, नाव ऱ्हायनं ना!" आबा म्हणाले, "ऱ्हायनं नही. तुम्ही ठी लिनं." म्हणजे ठेवून घेतलं. आणि चालू पडले. मी मागे, माझ्या मागे तुणतुणेवाला नामा. आम्ही तिघंही उपाशी, पण मला इतका अभिमान वाटत होता की पायांखाली खडे टोचत नव्हते.

जळगावला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना गोणपाट, त्यावर अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. आवाज घुमू नये म्हणून, असं मशीनवाल्याने सांगितलं. चैत्राचा उन्हाळा, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. मशीनवाला काचेच्या पलीकडे. माणूस वाईट नव्हता, पण ऐकत नव्हता. म्हणजे कानाला ते डबडं लावून बसला होता, सुया बघत होता, डफ जरा मागे घ्या म्हणत होता. पण गाणं ऐकत नव्हता. मुराळ्याच्या गाण्यात भाऊ बहिणीला आणायला गाडी जुंपून निघतो, वाटेत पांझरा लागते, नदी कोरडी, आणि बैल पाण्याच्या आठवणीनेच थांबतो. त्या ठिकाणी बाया पदर डोळ्याला लावतात. तिथे याने जांभई दिली. काचेतून दिसली.

गाणं संपलं. थाप दिली. हात उचलला. नामाने तुणतुणं थांबवलं. दोघं बसलो, घाम गळतोय, काचेकडे बघतोय.

मशीनवाल्याने बटण बंद केलं. "झालं ना?"

मी बोललो नाही.

"शाहीर, झालं ना? पुढचं घ्या."

नामा माझ्या कानाशी आला. "भाऊ, मी इचारी लेऊ का?"

"तू फडना माणूस. तू इचारं तं काय इचारं?"

"मंग त्यासले सांगा ना, का इचारा म्हनीसन."

"सांगीसन इचारनं म्हंजे काय नाम्या? भीक शे का ती?"

"भाऊ, पट्टी चाली ऱ्हायनी."

"चालू दे."

पुढच्या गाण्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटी आम्ही दोघं डफ-तुणतुणं धरून दगडासारखे गप्प, आणि पलीकडून "झालं ना?" शेवटी शेवटी तर तो काच ठोकून म्हणाला, "अहो, तुम्ही रुसल्यासारखे काय बसता?" मी त्याला म्हटलं, "आमच्याकडे असंच असतं." आणि खरंच असंच असतं. लोक म्हणतात, सांगून टाकायचं होतं, एका वाक्याचं काम होतं. ज्यांनी आयुष्यात कधी विचारलं जाण्याची वाट पाहिलेली नाही, त्यांना सगळं एका वाक्याचंच वाटतं. मी आबांची गाणी घेऊन गेलो होतो. ती आबांच्या रीतीनेच गायची होती. रीत मोडून नाव घेतलं असतं तर ते नाव आबांनी मला परत केलं असतं.

कव्हरचंही तसंच. धुळ्याच्या छापखान्यात ते आधीच छापून ठेवलं होतं. छापखानेवाला म्हणाला, "नाव कोणाचं टाकू?" मी म्हटलं, "नाव गाण्यात येईल. तुम्ही डफाचं चित्र टाका." त्याने चित्र टाकलं आणि खाली "खानदेशी पोवाडे व गाणी, भाग पहिला" असं छापलं. भाग दुसरा कधी निघाला नाही, ते तुम्हाला समजलंच असेल.

कॅसेटी तयार झाल्या. त्यातली एक दुकानात वाजवून पाहिली. एक गाणं संपलं की लगेच दुसरं. आम्ही गप्प बसलो होतो तो वेळही मशीनवाल्याने काढून टाकला होता. "रिकामी पट्टी कशाला?" म्हणाला. तरी मी मनात म्हटलं, लोक आपले आहेत. त्यांना आबांची रीत माहीत आहे.

उन्हाने कॅसेटची पट्टी वितळते असं कोणी तरी नामाला सांगितलं होतं. त्याने मोठी टोपली आणली, तळाला केळीची पानं, कॅसेटींच्या थरावर पुन्हा पानं, जसं आमच्याकडे आंबे भरतात. धुळ्याच्या एस.टी.त कंडक्टरने टोपलीला पाय लावला. "काय शे टोपलामा?" नामा म्हणाला, "गाना शेतस." कंडक्टर म्हणाला, "मंग गानासना लगेज लागी." गाडी हसली, मीही हसलो. त्या सबंध मोसमातलं ते माझं शेवटचं हसणं. केळीच्या ओल्या पानाचा वास आणि नव्या प्लास्टिकचा वास एकत्र कसा येतो हे मला माहीत आहे. आजही केळीच्या वखारीवरून गेलो की मला टोपली आठवते आणि मी पाय उचलतो.

आखाजीच्या दिवशी सकाळी सोनगीरला आबांच्या गल्लीत टेपरेकॉर्डर मांडला. ओट्यावर सतरंजी, मशीनला हार, उदबत्तीही लावली कोणी तरी. माहेरी आलेल्या पोरी दाटीने उभ्या. त्या वर्षी लग्न झालेली माझी लेक सिंधू पण होती. दोंडाईच्याहून तिचा तो पहिलाच आखाजीचा फेरा. आबांच्या बायकोला, अक्कांना, पुढे बसवलं. त्यांनी घरातून आबांचा फेटा आणून मशीनच्या शेजारी ठेवला.

मुराळ्याचं गाणं लावलं. आबांनी बसवलेली चाल, माझा गळा, नामाचं तुणतुणं. पांझरेच्या ठिकाणी बायांनी पदर डोळ्याला लावले. गाणं संपलं, मशीनमधून थाप पडली, आणि सगळ्यांत म्हातारे हिलाल काका, जे आबांना पन्नास वेळा विचारून बसले असतील, ते काठीवर हात ठेवून नेहमीच्या जोरदार आवाजात म्हणाले, "कोनं शे हाई गानं?"

मशीनने पुढचं गाणं सुरू केलं.

काका थांबले. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुढे वाकून, मशीनजवळ तोंड नेऊन पुन्हा म्हणाले, "कोनं शे हाई गानं?" मशीन आपलं गात होतं. मग काका माझ्याकडे वळले. "बहिरं शे का हाई?"

पोरी हसल्या. हसण्याजोगंच होतं. मलाही दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हसू आलं असतं. मी उठून मशीन बंद केलं आणि तोंडाने नाव म्हणायला लागलो. काका म्हणाले, "तू बस. म्या तुले नही इचारं, तेले इचारं." लोक पांगल्यावर अक्कांनी फेटा उचलला, झटकला, आणि फेट्याकडेच बघत म्हणाल्या, "भाऊ, त्यासनं नाव कोठे ऱ्हायनं?"

मी जळगाव म्हणालो नाही, काच म्हणालो नाही. परतताना नामा रस्ताभर एकच म्हणत होता, "मी सांगेल व्हतं, भाऊ." शेवटी मी त्याला महामार्गावर उभं करून सांगितलं की आणखी एकदा म्हणालास तर तुणतुण्याची तार काढून घेईन.

पण कॅसेट मात्र खपली. हेच तर दुखणं आहे. पडली असती तर बरं झालं असतं. पोरींनी ती सासरी नेली. दोंडाईच्याला, शहाद्याला, सुरतेला. दुकानदारांनी तिच्यावरून कॅसेटी भरून दिल्या, कव्हर गेलं, डफाचं चित्र गेलं, राहिलं नुसतं गाणं. बिनछापाचं जनावर बाजारात आलं की ज्याच्या हातात दोर त्याचं. मुराळ्याचं गाणं लग्नाच्या वरातीत बँडवर वाजायला लागलं. जे गाणं कोरड्या नदीवर थांबतं, त्यावर पोरं रुमाल फिरवत नाचायला लागली! आणि नामा? नामा त्याच बँडमध्ये झांज वाजवतो. भेटला की म्हणतो, "भाऊ, गानं तं चाली ऱ्हायनं ना?" चालतंय, नाम्या. मालक नसलेलं जनावरही चालतं.

मागे धुळ्याला एका दुकानात नवी छापील कॅसेट दिसली. कोणी तरी गोड गळ्याची बाई, मागे ढोलकी न् पेटी, आणि मुराळ्याचं गाणं. मी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं.

"हे गाणं माझ्या गुरूंचं आहे," मी दुकानदाराला म्हटलं.

"बाबा, यावर 'पारंपरिक' लिहिलंय."

"पारंपरिक कोण? कुठला?"

"अहो, पारंपरिक म्हणजे कोणा एकाचं नाही. सगळ्यांचं."

"सगळ्यांनी मिळून जोडलं का? तू कोणती ओळ जोडली?"

"तुमच्याकडे काही आहे का दाखवायला? तुमच्या कॅसेटवर त्यांचं नाव आहे?"

मी छत्री उचलली आणि बाहेर आलो. उन्हात छत्री उघडायची राहून गेली, एवढा संताप. पारंपरिक! माणूस रात्र रात्र जागून एकेक शब्द घासतो, बैलाच्या डोळ्यातलं पाणी ओळीत आणतो, आणि मग लोक म्हणतात की हे आपोआप उगवलं, बांधावरच्या बोरीसारखं. बोरीलाही शेत कोणाचं ते माहीत असतं.

मी पुन्हा कॅसेट काढली नाही. ऐपत नव्हती हे एक. आणि दुसरं म्हणजे, पुन्हा त्या काचेसमोर बसून वाट बघायची? कोणाची? अक्काही पुढे फार दिवस राहिल्या नाहीत.

या वर्षी सिंधू आखाजीला आली ती नवा टू-इन-वन घेऊन. तिचा संसार चांगला चालला आहे. दुपारी जेवणं झाली, मांडे जरा जास्त झाले, मी ओट्यावर पडलो होतो. तिने माझी ती जुनी कॅसेट लावली. मी म्हटलं, "बंद कर." तिने केली नाही, लेकी आखाजीला ऐकत नसतात. पहिली बाजू लेकीबाळींच्या एका गाण्याने संपते. गाणं संपलं, थाप पडली, आणि पुढे नुसतीच सूं सूं सुरू झाली. सिंधू म्हणाली, "नाना, इठे थोडीशी कोरी पट्टी शे. आठे नाव भरता ई. मी त्या कॅसेटना भोकसवर कागद चिकटाडी दिना, आते तिनावर भराई जाई. मी इचारस, तुम्ही सांगा."

"तू घरनी. घरना माणूसनी इचारानं नही."

"मी घरनी?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "नाना, तुम्हीच दिनी ना माले दोंडाईचाले? आठे मनं काय शे? मी परका घरनी शे. पाहुनी म्हनीसन येस, पाहुनी म्हनीसन जास."

मी उठून बसलो. नियमात खोट शोधली. आबांचं बोलणं आठवून आठवून पाहिलं, हिलाल काकांना आठवलं. खोट सापडली नाही. लेक दिली की ती ऐकणाऱ्यांत गेली, फडात राहिली नाही. मला तर रागच आला.

"मंग इतला साल का नही बोलनी?"

"तुम्ही आखाजीले कोनले बोलू देतस का?"

आतून माझ्या बायकोचा हसण्याचा आवाज आला. मी डफ मागवला. उन्हाने चामडं चांगलं ताणलेलं होतं. सिंधूने पट्टी नेमकी जागेवर आणली, दोन्ही बटणं दाबली, पदर सावरला आणि अगदी गंभीर होऊन, एखाद्या परक्या म्हाताऱ्याला विचारावं तसं मला विचारलं, "कोनं शे हाई गानं?"

माझा आवाज फाटका लागला. पण लागला. "किल्ल्याखाली सोनगीर गाव, उखर्डू तिथला डफवाला..." आणि खट्! बटण आपोआप वर आलं. पट्टी संपली होती.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. "दुसरी ओळ ऱ्हायनी. पुसलं म्हणून सांगतो, ते यायला हवं. नाही तर आपणच सांगितलं असं होईल."

"जागा तेवढीच शे, नाना."

"मागचं थोडं पुस."

"मांगे गानं शे. गानं पुसू का?"

गाणं कसं पुसणार? ती म्हणाली, "नाव तं उनं ना?" आणि कॅसेट काढून तिने पिशवीत ठेवली, सांजोऱ्यांच्या डब्याखाली. नाव आलं. एका गाण्याखाली, एका कॅसेटवर, तेही दोंडाईच्याला जाणार. बाकीच्या सगळ्या मुलखात गाणं एकटंच फिरतं आहे.

ती आत गेल्यावर मी डफ खाली ठेवला नाही. मशीन बंद होतं, ओटा रिकामा होता. राहिलेली ओळ मी तशीच, जेवढा गळा होता तेवढा लावून, म्हणून टाकली. निंबाखालच्या पोरींनी झोका थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी हात उचलून थांबलो. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, एकमेकींना कोपर मारलं, आणि झोका पुन्हा सुरू केला.